एक पौंड बाकी ठेवण्याबाबत

प्रति,
मा. खाते व तपासणी अधिकारी,
मैत्रीदीप लघुकर्ज न्यास (युके),
दुसरा मजला, ट्राम थांब्यासमोर,
क्रॉयडन.

अर्जदार : भीमराव सखाराम ढोके, वय ७०, निवृत्त, राहणार वेम्बली.

विषय : श्रीमती एस्नात चिर्वा, राहणार सलीमा, देश मलावी, यांच्या कर्जखात्यावरील एक पौंडाची बाकी माफ न करणे व खाते पूर्ववत चालू ठेवणेबाबत.

संदर्भ : १) आपले अभिनंदनाचे पत्र, दि. ४ ऑगस्ट २०२५.
२) आपला दूरध्वनी, दि. ११ ऑगस्ट.
३) अर्जदाराच्या लेखी हरकती दोन, दि. १२ व २० ऑगस्ट.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतो की, न्यासाच्या नियमावलीत पत्रव्यवहार मराठीत केला तरी चालेल असे छापलेले आहे, म्हणून हा अर्ज मराठीत आहे. आपले मराठी बोलण्यापुरतेच आहे याची अर्जदारास कल्पना आहे. जिथे अडेल तिथे आपल्या मातोश्रींना विचारावे. अर्जात ‘मी’ असे लिहायचे नसते, ‘अर्जदार’ लिहायचे असते, हे अर्जदार पुसदच्या पंचायत समितीत पहिल्याच आठवड्यात शिकला. त्याच कचेरीत त्याने चोवीस वर्षे आवक-जावक लिपिक म्हणून काढली. पत्नी धम्मशीला हिला इकडच्या हॉस्पिटलात नर्सची जागा मिळाली, तेव्हा २००२ साली तो नोकरी सोडून तिच्या मागोमाग आला आणि पुढे पंधरा वर्षे एका सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये ट्रॉल्या गोळा करीत होता. हे सांगण्याचे कारण एवढेच की, कागद कसा लिहावा हे अर्जदारास कळते. बाकी फारसे काही कळते असा त्याचा दावा नाही.

२. प्रकरणाची हकीकत अशी. एप्रिल २०१९ मध्ये वेम्बलीच्या एका हॉलमध्ये जयंतीचा कार्यक्रम होता. जेवणाच्या रांगेशेजारी न्यासाचे टेबल मांडलेले होते आणि त्यावर आफ्रिकेतल्या लहान धंदेवाल्या बायांचे फोटो होते. ज्याला वाटेल त्याने एकीला शंभर पौंड कर्जाऊ द्यावेत, व्याज नाही, बाईने धंदा करून फेडावेत, अशी योजना. धम्मशीलाने एक फोटो उचलला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, “अहो, हे बघा, मासे मातीत वाळत घातलेत हिने. खाणाऱ्यांची पोटं बिघडतील ना!” नर्स ती. तिला बाईची गरिबी नंतर दिसली, आधी जंतू दिसले. अर्जदार म्हणाला, “आपल्याकडे काय गरीब कमी आहेत?” त्यावर ती म्हणाली, “आहेत ना. त्यांना तुम्ही कालच देऊन आलात वाटतं?” रांगेतले दोघे-तिघे हसले. अर्जदाराने मुकाट्याने पाकीट काढले.

३. शंभर पौंड मोजून दिल्यावर धम्मशीलाने कोटाच्या खिशातून एक नाणे काढून वर ठेवले. टेबलावरची मुलगी म्हणाली, “आंटी, इट्स जस्ट हंड्रेड.” धम्मशीला म्हणाली, “आमच्यात नुसते शंभर देत नाहीत गं, पोरी. शंभर दिले की व्यवहार संपला. एकशे एक दिले की येणं-जाणं राहतं.” मुलीने पावती एकशे एकची फाडली. आता गंमत पाहा. तिकडे सलीमाच्या शाखेत कर्ज लिहायचे रकाने पंचवीसच्या पटीत. शंभर बसले, एक पौंड कुठेच बसला नाही. श्रीमती चिर्वा यांनी शंभरच्या शंभर ऑगस्ट २०२० पर्यंत फेडून टाकले, पण आपल्या क्रॉयडनच्या संगणकात एक पौंड बाकी म्हणून राहिला तो राहिलाच. आणि नियम असा की, खात्यावर बाकी असेतोवर कर्जदाराने धनकोला महिन्याला एक पत्र लिहून धंद्याची खबर द्यावी. सबब पत्रे येत राहिली. आजतागायत एकाहत्तर आली.

४. कर्जाचा उपयोग झाला की नाही, असा प्रश्न कोणी विचारील, म्हणून नोंद करतो. श्रीमती चिर्वा या तळ्याकाठी राहतात. ते तळे म्हणजे इथल्या माणसाला समुद्रच वाटेल. आपल्याकडच्या सुकटीसारखी बारीक मासळी तिथे मिळते, तिला उसिपा म्हणतात. कर्जापूर्वी बाई एका व्यापाऱ्याकडून उधारीवर मासळी घेत, जमिनीवर पसरीत, आणि ती खराब व्हायच्या आत मिळेल त्या भावाने विकून संध्याकाळी त्याच व्यापाऱ्याच्या हातावर पैसे ठेवीत. घरी काय उरे, तर वास. कर्जातून त्यांनी लाकूड आणि जाळी आणून वाळवणाचे दोन मांडव उभे केले. मासळी स्वच्छ वाळली, टिकू लागली, भाव पडला तर दोन दिवस थांबता येऊ लागले. एवढ्या दोन दिवसांनी बाईचे आयुष्य बदलले, साहेब. थांबता येणे ही केवढी श्रीमंती आहे, हे ज्याला कधी थांबता आले नाही त्यालाच कळते. मग उधारी सुटली, मग जुनी सायकल आली, मग चार मांडव झाले, मग घरावर पत्रे चढले. २०२२ च्या पावसात सगळा माल कुजला, तेव्हा त्यांच्या बचत गटातल्या चौघींनी त्यांचा बचतीचा आठवड्याचा भरणा आपल्या पदरचा भरला. आता त्यांच्याकडे दोन बायका रोजाने कामाला आहेत आणि थोरली मुलगी बारावीच्या तोडीच्या वर्गात आहे. हे सर्व पत्र क्र. १ ते ७१ वरून शाबीत होते.

५. धम्मशीला फेब्रुवारी २०२१ मध्ये वारली. तोवर पत्रांना उत्तरे तीच लिहीत असे, अर्जदार फक्त तिकीट लावी. तिच्यामागे अर्जदाराने सरकारी पद्धतीने दोन ओळींचे पत्र पाठवले की, धनको क्रमांक एक दिवंगत झाल्या असून यापुढील पत्रव्यवहार खालील सही करणाऱ्याशी करावा. त्यावर पत्र क्र. १९ आले. बाई त्यांच्या भाषेत सांगतात, शाखेतला अधिकारी ते इंग्रजीत उतरवतो आणि खाली बाई आपल्या हाताने नाव काढतात. त्या पत्राची सुरुवात ‘बांबो ढोके’ अशी होती. वडीलधाऱ्या माणसाला तिकडे बांबो म्हणतात. पुढे शोकाचे चार शब्द होते, आणि मग एकच प्रश्न होता : तुम्हाला जेवायला कोण करून घालतं?

६. अर्जदारास कोणीही करून घालत नव्हते. तो ब्रेडला लोणी लावून खात होता, तेही उभ्याने, ओट्याशी. पण तसे लिहायची लाज वाटली. म्हणून तो ईलिंग रोडला जाऊन वांगी घेऊन आला, जन्मात पहिल्यांदा भरीत केले, निम्मे करपवले, उरलेले खाल्ले आणि मग खरे उत्तर लिहिले. पुढच्या पत्रात बाईंनी विचारले, भरीत म्हणजे काय? तेव्हापासून हा क्रमच पडला. दर महिन्याला त्या विचारतात काय खाल्लं, आणि सांगण्यासारखे काहीतरी असावे म्हणून अर्जदार रांधतो. पिठले, अंबाडीची भाजी, मुगाची खिचडी, एकदा सुकटसुद्धा. सुकटीच्या दिवशी धुराचा अलार्म वाजला आणि खालच्या मजल्यावरचा गृहस्थ दार ठोठावायला आला. दोन वर्षांत पार्सलवाल्यांखेरीज त्या दाराला कोणी हात लावला नव्हता. तो भांडायला आला होता, पण अर्जदाराला इतका आनंद झाला की त्याने त्याला आत या, चहा घ्या म्हटले. तो नाक धरून म्हणाला, “नो, थँक यू, मेट,” आणि खाली निघून गेला.

७. अर्जदाराची मुलगी सीमा ऑस्ट्रेलियात असते. ती दर रविवारी न चुकता फोन करते. “बाबा, ऑल गुड?” ती विचारते. “ऑल गुड,” असे अर्जदार सांगतो. तिला दोन लहान मुले आहेत, तिकडे तोवर रात्र झालेली असते, तिचा यात काडीचा दोष नाही. विहारात अर्जदार जातो, तिथे सगळे भेटतात, प्रेमाने बोलतात आणि आपापल्या गाडीत बसून जातात. अर्जदाराने घरी एक आवक-जावक नोंदवही ठेवलेली आहे. जुनी सवय, दुसरे काय! गेल्या वर्षीची आवक काढून पाहिली तर पिझ्झाची पत्रके चोवीस, कौन्सिलची पत्रे नऊ, दवाखान्याची सहा, ऐकू कमी येते का असे विचारणारी पाच आणि सलीमाहून आलेली बारा. जावक बारा. ती बारा काढून घेतली तर जावक शून्य होते. अर्जदारास एकटे वाटते. हे सरकारी मराठीत कसे लिहितात ते त्याला ठाऊक नाही, चोवीस वर्षांत तसा अर्ज कधी टेबलावर आला नाही.

८. असे असता संदर्भ क्र. १ चे पत्र आले की अभिनंदन, आपल्या कर्जदार दारिद्र्यातून बाहेर पडल्या आहेत, किरकोळ बाकी माफ करून खाते बंद करण्यात येईल, पत्रव्यवहार थांबेल. त्यानंतर आपण दूरध्वनी केलात. आपले शब्द नोंदवहीत जसेच्या तसे आहेत : “काका, गुड न्यूज आहे. शी इज आउट ऑफ पॉव्हर्टी. आता ती आपल्या लिस्टमध्ये नाही बसत. यू शुड बी प्राउड, काका! मी तुम्हाला दुसरी बॉरोअर देतो, घानामधली, व्हेरी नाइस लेडी.” धम्मदीपजी, आपण भल्या मनाने बोललात, पण माणूस गेला की त्या जागी दुसरा देतो म्हणणे हे सायकलच्या ट्यूबला शोभते. अर्जदाराने त्या दिवशी फोन ठेवला तो आपटून ठेवला, याबद्दल तो येथे दिलगिरी व्यक्त करतो.

९. कायद्याच्या बाजूने पाहता : (अ) कर्ज माफ करण्याचा अधिकार ज्याने दिले त्याचा असतो, न्यासाचा नाही. (आ) सदर एक पौंड ही हिशेबातली चूक नसून तो समजून-उमजून, भर हॉलमध्ये, साक्षीदारांदेखत ठेवलेला आहे. (इ) कर्जदाराने तो देऊ केल्यास अर्जदार स्वीकारणार नाही. पोस्टाने आला तर पोस्टाने परत करील. बँकेत जमा केला तर खाते बंद करील. (ई) धनकोची हरकत असल्यास खातेबंदी नव्वद दिवस थांबते असे नियम १४ म्हणतो, आणि अर्जदाराने एक सोडून दोन हरकती घेतलेल्या आहेत. नव्वद दिवस झाल्यावर तो तिसरी घेईल. त्याच्याकडे वेळ भरपूर आहे, काळजी नसावी.

१०. आणखी असे की, श्रीमती चिर्वा दारिद्र्यातून बाहेर पडल्या हे कोणी ठरवले? अर्जदाराने तीन रात्री बसून एकाहत्तर पत्रे पुन्हा तपासली. पत्र क्र. ४१ मध्ये सायकलची साखळी तुटल्याचा उल्लेख आहे. पत्र क्र. ५२ मध्ये धाकट्या मुलाची दाढ किडल्याचे व ती काढायला पैसे जमवावे लागल्याचे नमूद आहे. पत्र क्र. ६० मध्ये घराचा एक पत्रा वाऱ्याने उडाला. पत्र क्र. ६६ मध्ये भाव पडले आहेत. यावरून सदर कर्जदार अद्याप गरीब असल्याचे दिसून येते आणि त्यांना गरीबच धरण्यात यावे अशी

(येथे अर्जदाराने सोमवारी पेन खाली ठेवले. आपण काय लिहितो आहोत ते त्याला वाचून दिसले. एका कष्टाळू बाईची किडलेली दाढ आणि उडालेला पत्रा हे पुरावे म्हणून मांडून तो सिद्ध करू पाहत होता की ती गरीब आहे, कारण ती गरीब राहिली तर त्याला पत्र येईल. मनुष्य इतका खाली येतो! तो स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याला. वस्तुतः हा कागद फाडायचा. पण लिहिलेला कागद फाडू नये, खाली पुढे लिहावे आणि सही करावी, अशी कचेरीची शिस्त आहे. म्हणून परिच्छेद दहा अर्धवट तसाच ठेवला आहे. आपल्यासमोर लाज गेली तरी चालेल, कागद खरा राहिला पाहिजे.)

११. मंगळवार दि. १६ रोजी अर्जदार हा अर्धवट अर्ज घेऊन समक्ष क्रॉयडनला आला. पोस्टाने पाठवता आला असता, पण हाती दिला की पोच मिळते, आणि खरे सांगायचे तर त्या निमित्ताने कोणाशी तरी बोलणे होते. लंडन ब्रिजला गाडी बदलताना तो चुकीच्या फलाटावर गेला, उलट्या बाजूला दोन स्टेशने जाऊन परत आला. आपण चहा दिलात, बिस्किटे पुढे केलीत. अर्जदाराने नियम १४ वाचून दाखवायला सुरुवात केली. आपण पूर्ण ऐकून घेतलेत. मग म्हणालात, “काका, मला तुम्हाला हे दाखवायची परमिशन नाही. तिनेच सांगितलं होतं, त्यांना सांगू नका. पण आता आय हॅव टू.” आणि संगणकाचा पडदा अर्जदाराकडे वळवलात.

१२. त्या पडद्यावर सलीमाच्या शाखेचे शेरे होते. अर्जदाराने ते आपल्या परवानगीने उतरवून घेतले, ते असे :

मे २०२१. एक पौंडाची बाकी माफ करण्याचे कर्जदारास सुचविले. कर्जदार नको म्हणाली. तिचे म्हणणे : त्यांची बायको गेली आहे. बाकी मिटली तर पत्र थांबेल. जेवलात का असं विचारायला त्यांना कोणी नाही. राहू द्या.

जानेवारी २०२३. धनकोचे पत्र आले नाही. कर्जदार चार वाजेपर्यंत शाखेत बसून राहिली. गटाच्या बैठकीला कोणी आली नाही तर बाकीच्या चौघी उठून तिच्या दारी जातात, अशी इथली रीत आहे. ती म्हणते, इंग्लंडात कोणाला तरी त्यांच्या दारी पाठवा. क्रॉयडनला कळविले.

मार्च २०२४. गटाने कर्जदारास प्रमुख निवडले. खात्यावर बाकी असल्याने नियमानुसार पद देता येत नाही. बाकी माफ करू का, पुन्हा विचारले. पुन्हा नको म्हणाली.

जून २०२५. कर्जदार मोठा बर्फाचा फ्रीझर घेऊ इच्छिते. बँक बेबाकी दाखला मागते, अंतिम तारीख ३० सप्टेंबर. कर्जदार आता खाते बंद करा म्हणते. त्यांना हळू सांगा, असेही म्हणते.

१३. जानेवारी २०२३ मध्ये अर्जदार अकरा दिवस तापाने पडून होता. त्या वेळी आपला फोन आला होता, “काका, जस्ट चेकिंग, सगळं ठीक ना?” आणि मग आपल्या कार्यालयातल्या मालविकाबाई औषध आणि सूप घेऊन दारी आल्या होत्या. अर्जदाराने नोंदवहीत ‘न्यासाची तत्परता’ असा शेरा मारला होता. पाच हजार मैलांवरून एक मासळी विकणारी बाई शाखेत ठाण मांडून बसली म्हणून ते सूप आले, हे त्याला परवा कळले.

१४. मग आपण आणखी एक गोष्ट सांगितलीत आणि ती सर्वांत जड गेली. पत्र सांगायला बाईंना स्वतः शाखेत यावे लागते. शाखेचा अधिकारी शनिवारी बसतो. शनिवार हा त्यांचा बाजाराचा दिवस. शंभर पौंड फिटल्यानंतर बाई साठ वेळा मिनीबसने शाखेत आल्या, साठ बाजार बुडवून. त्यातले एक्कावन्न तर माफी नाकारल्यानंतरचे, म्हणजे स्वखुशीने. अर्जदार चार वर्षे समजत होता की ही बाई आपल्या उपकाराखाली आहे. विहारात तो लोकांना सांगत असे, “आफ्रिकेत आमची एक बाई आहे, तिला आम्ही वर काढलं.” छाती काढून सांगत असे. मांडवाचे लाकूड अर्जदाराच्या पैशाचे होते, हे खरे. पण बाई त्या लाकडावर उभी राहिली ती आपल्या पायांनी, आणि वर त्या बाईने त्याला, वेम्बलीतल्या एका एकट्या माणसाला, वांगी भाजायला लावून जगते ठेवले.

१५. परतीच्या गाडीत अर्जदारास रडू आले. आवरले नाही. समोरच्या बाईंनी पिशवीतून टिश्यू काढून दिला आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. इथली माणसे तेवढे जरूर करतात.

१६. सबब अर्जदार आता खालीलप्रमाणे विनंती करतो. परिच्छेद ८ ते १० मधील सर्व मजकूर आणि वर लिहिलेला विषय रद्द समजावा. दोन्ही हरकती बिनशर्त मागे घेतल्या आहेत. नियम १४ चे नव्वद दिवस आजच संपले असे धरावे. सदर एक पौंड माफ करावा आणि श्रीमती एस्नात चिर्वा यांच्या नावे बेबाकी दाखला आजच्या टपालाने नव्हे, आजच्या ईमेलने सलीमाला रवाना करावा. तीस तारीख मंगळवारी आहे आणि मध्ये दोन रविवार येतात. अर्जदाराने स्वतः पंचायत समितीत बेबाकी दाखल्यासाठी लोकांना चकरा मारायला लावलेल्या आहेत, त्यामुळे एका दाखल्यापायी माणसाचे काय काय अडते हे त्याला चांगले माहीत आहे. ही एक चकर बाईंना पडू नये.

१७. आपल्या दप्तरात एक दुरुस्तीही व्हावी. सदर खात्यात कर्जदार म्हणून चिर्वा व धनको म्हणून ढोके असे लिहिलेले आहे. मे २०२१ पासून ते उलटे वाचावे. येणे पैशात लिहिता येणार नाही. साठ शनिवारांचा भाव सलीमाच्या बाजारात काय निघतो, हे अर्जदार विचारणार होता, पण ते विचारणेसुद्धा बाईंना आवडणार नाही. रकाना नसेल तर नवा पाडावा. संगणकात पाडता येत नसेल तर कागदावर पाडून फायलीला लावावा. आजवर आपल्या संगणकाने एक पौंड सांभाळला, आता हेही सांभाळील.

१८. शेवटची बाब. बाईंना बँकेत, बाजारात, गटात आता पुष्कळ कामे असतील. त्यांनी यापुढे पत्रासाठी एकही शनिवार घालवू नये, असे त्यांना अर्जदाराच्या वतीने स्पष्ट कळवावे. अर्जदार नीट आहे, रोज दोन वेळा बसून जेवतो, त्याची काळजी नसावी, असेही कळवावे. यातले ‘नीट आहे’ हे दोन शब्द आपण जरा मोठ्या अक्षरात लिहिलेत तर बरे होईल.

कळावे. लिहिण्यात अधिक-उणे झाले असेल ते पोटात घालावे.

आपला, आणि मे २०२१ पासून श्रीमती चिर्वा यांचा देणेकरी,
नम्र,
(सही)
भीमराव सखाराम ढोके
वेम्बली, गुरुवार, दि. १८ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) हरकती मागे घेतल्याचा स्वतंत्र कागद, सहीनिशी, दोन प्रती.
२) परिच्छेद १२ मधील शेऱ्यांची अर्जदाराने उतरवून घेतलेली प्रत. (ती आपल्याकडे ठेवावी. अर्जदाराकडे दुसरी आहे.)
३) श्रीमती चिर्वा यांना लिहिलेले पत्र, जावक क्र. ७२, बंद पाकिटात. उत्तर पाठविण्याची गरज नाही असे त्यात लिहिले आहे. ते खरे नाही, पण तसेच जाऊ द्यावे.